मोटरचा आवाज येतो पण कपडे फिरत नाही, मेकॅनिक मोटर बदला म्हणतो. ड्रायरचा बेल्ट घरी बदलता येतो का?

ताई, तुम्ही लिहिलं की 7 किलोची सेमी ऑटोमॅटिक आहे, टायमर फिरवला की मोटरचा आवाज येतो पण टबातले कपडे जागचे हलत नाही, मेकॅनिक मोटर बदला म्हणून राहिला आणि शेजारचे काका म्हणतात ड्रायरचा बेल्ट गेला. हाव, बेल्ट घरी बदलता येतो, आणि मोटरचे पैसे आत्ताच देऊ नका. मी नागपूरला हिंगणा एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, दिवसभर बेल्ट आणि पुल्याच पाहतो, आजूबाजूच्यांच्या मशीनही उघडतो, आणि चांगल्या चालत्या मोटरी भंगारात जाताना पाह्यल्या की खरंच जीव जळतो.

पहिले काकांचं. सेमी ऑटोमॅटिकच्या ड्रायरला, म्हणजे पिळायच्या छोट्या टबाला, बेल्ट नसतोच. त्याची मोटर सरळ खालून शाफ्टला, म्हणजे टब फिरवणाऱ्या दांड्याला, जोडलेली असते, तो बंद पडला तर झाकणाचा स्विच, ब्रेकची तार नाहीतर कपॅसिटर, म्हणजे मोटर सुरू करून देणारा डबीसारखा भाग, पाहायचा. बेल्ट असतो धुवायच्या बाजूला. मोटरची छोटी पुली, म्हणजे खाचेचं चाक, टबाखालच्या गिअरबॉक्सची मोठी पुली आणि मधात व्ही बेल्ट, म्हणजे खाली निमुळता होत जाणारा रबरी पट्टा, इतकाच कारभार आहे.

आता मशीन रिकामी ठेवा, पाणी नको कपडे नको, वॉशचा टायमर फिरवा आणि कान देऊन ऐका. मोटर सर्रकन फिरल्याचा आवाज येत असेल, थांबून उलटी पण फिरत असेल आणि तरी तळाचा पंखा उभाच असेल तर मोटर ठीक आहे, बेल्ट तुटला किंवा उतरला आहे, नाहीतर पंख्याच्या मधातले दाते झिजले आहेत. पंखा रिकामा असताना फिरतो पण पाणी-कपडे टाकले की थांबतो, तर बेल्ट ढिला झाला. आणि नुसतं घूंऽऽ करून मोटर फिरतच नसेल तर प्लग काढा, मागचं कव्हर उघडून छोटी पुली हाताने फिरवून पाहा, मोकळी फिरली तर बहुतेक वेळा कपॅसिटर असतो, तो मोटरपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. पुली हातानेही हलत नसेल तेव्हा मोटर किंवा गिअरबॉक्स जाम झाल्याचं बोला. तुमच्या मेकॅनिकने कव्हर उघडलं होतं का हे तुम्ही लिहिलं नाही, न उघडता मोटर म्हणाला असेल तर मी तरी मानणार नाही.

उघडायच्या आधी प्लग सॉकेटातून बाहेर काढा, नुसतं बटन बंद करून हात घालायचा नाही, टबातलं सगळं पाणी सोडून द्या आणि कपॅसिटरच्या टोकांना हात लावू नका, प्लग काढल्यावरही त्यात करंट साठून राहतो. मग मागचे स्क्रू काढले की बेल्ट समोरच दिसतो. काही काढायच्या आधी मोबाईलने फोटो घेऊन ठेवा.

जुना बेल्ट हातात घेऊन नीट पाहा, तोच तुम्हाला सगळं सांगते. व्ही बेल्ट पुलीला दोन्ही बाजूंच्या कडांनी धरतो, खालच्या बुडाने नाही. म्हणून कडा पाहायच्या. कडा आरशासारख्या चकचकीत झाल्या असतील तर तो बरेच दिवस घसरत होता, आणि तेव्हा मशीनखाली काळी भुकटीही पडलेली सापडेल. बेल्ट उलटा वाकवला की आतून चिरा उघडत असतील तर रबर वाळलं आहे. नागपूरचा उन्हाळा माहीतच आहे, मे महिन्यात पारा 45 च्या वर, आणि मशीन अर्ध्या लोकांच्या गच्चीवर नाहीतर बाल्कनीत उन्हात उभी, रबर टिकणार कसं. कडेला कुरतडल्याचे दात दिसले तर उंदीर आहे, खालून जाळी लावल्याशिवाय नवा बेल्ट घालू नका, उंदीर वायरीसुद्धा खाते. आणि बेल्ट ओला किंवा पुलीवर पांढरा थर दिसला, तर टबाच्या शाफ्टचं सील, म्हणजे पाणी अडवणारं रबर, लीक आहे, आपल्याकडे बोअरचं पाणी जड असते म्हणून तो पांढरा डाग लगेच ओळखू येतो. सील बदलल्याशिवाय नवा बेल्ट टाकाल तर तोही ओला होऊन घसरणार आणि तुम्ही म्हणाल बेल्टच डुप्लिकेट निघाला.

बेल्टवर नंबर छापलेला असतो, एम-19, एम-20 असा काहीतरी. जुना बेल्ट पिशवीत टाकून सीताबर्डीवर किंवा सदरला स्पेअरच्या दुकानात न्या आणि नंबर जुळवूनच घ्या, ताणलेल्या बेल्टची लांबी मोजून घेऊ नका. नंबर पुसला असेल तर मशीनचं मॉडेल सांगा. चांगला बेल्ट साधारण 100-200 रुपयांत येऊन जाते, त्याच्यासाठी दोन दुकानं फिरावी लागली तरी फिरा पण "हा बसून जाईल" म्हणून एक नंबर लहानमोठा देऊन राहिला तर घेऊ नका.

बसवताना पहिले छोट्या पुलीत टाका, मग मोठ्या पुलीच्या काठावर चढवून पुली हाताने हळूहळू फिरवा, बेल्ट आपोआप खाचेत उतरतो. स्क्रूड्रायव्हर खुपसून चढवू नका, आतले धागे तुटतात आणि बाहेरून काही दिसत नाही. ताठ वाटला तर मोटरचे बोल्ट ढिले करा, बहुतेक 10 नंबरचा पाना लागतो, त्यातलं एक भोक लांबट असते, मोटर तिथून मागेपुढे सरकते. हेच खरं काम आहे आणि इथेच लोक घाई करतात. मोटर ओढून धरा, बोल्ट घट्ट करा, मग दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबा, साधारण 1 सेंटीमीटर दबला पाहिजे. जास्त दबला तर घसरेल. अजिबात दबत नसेल तर बुश आणि बेअरिंगवर लोड येऊन मोटर तापेल, आणि मग खरंच मोटर बदलायची पाळी येईल. बेल्टची वरची कड पुलीच्या काठाच्या आसपास पाहिजे, खाचेच्या तळाला टेकून बसला तर तो बेल्ट बारीक आहे, परत करा. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का ते फूटपट्टी लावून पाहा. आणि कोणी बेल्टला राळ किंवा मेणबत्ती घासायला सांगितली तर घासू नका, त्याला धूळ चिकटते.

कव्हर लावून मगच चालवा. नवा बेल्ट थोडा ढिला होतोच, म्हणून थोडे दिवस धुणं झाल्यावर एकदा परत अंगठ्याने दाबून पाहा. आणि 7 किलो म्हणजे कोरड्या कपड्यांचं वजन, सोलापुरी चादरी आणि जीन्स एकत्र ठासल्या की बेल्ट घसरणारच.

ज्यांच्याकडे गरम हवेचा खरा ड्रायर आहे ते हे वाचत असतील तर त्याचं वेगळं आहे. तिथे लांब चपटा, रेघारेघांचा बेल्ट पूर्ण ड्रमला वेढून मोटर आणि स्प्रिंगच्या टेन्शन पुलीवरून जातो, रेघा ड्रमच्या बाजूला. नंबर असा असतो, 1930 एच 7, म्हणजे 1930 मिलिमीटर लांबी आणि 7 रेघा. ड्रम हाताने एकदम हलका फिरला तर समजा बेल्ट गेला. काही मॉडेलमध्ये बेल्ट तुटला की मोटर सुरूच होत नाही, तिथे एक स्विच असतो, तेव्हा तिथेही मोटर जळाली म्हणून घाबरू नका. उघडलंच आहे तर आतली सगळी रुई साफ करा, हीटरजवळ साचलेली रुई पेट घेते, हे टाळू नका. ते काम मात्र ड्रम काढायचं असल्याने एकट्याने करू नका, सोबत कोणी तरी घ्या.

तुमचं तर ताई, कव्हर उघडून पुली आणि शाफ्टच्या खालच्या जागेचा फोटो इथे टाका. पांढरा थर दिसला तर सील पण लागेल, ते मी पाहून सांगतो, म्हणजे बर्डीला एकाच चकरेत दोन्ही आणता येईल.