फ्रिजशिवाय राहता येतं का? मडक्याचा फ्रिज घरी बनवला तर खरंच चालतो का?

चालतो. पण तुम्ही कुठं राहता तेच प्रश्नात लिहिलेलं नाही, आणि सगळा खेळ त्याच्यावर आहे. मला हे कळायला एक अख्खा उन्हाळा गेला आणि त्यावरून भावाशी झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं माहेर बार्शी. लग्नानंतरही आम्ही तिथंच होतो, २०१९ च्या एप्रिलमध्ये नवऱ्याची बदली झाली म्हणून चिपळूणला आलो. येताना फ्रिज मुद्दाम विकून आले. दर आठवड्याला खालच्या ड्रॉवरमधली कुजलेली कोथिंबीर आणि चार दिवसांची आमटी फेकायचा वीट आला होता, कमी वस्तूंत राहून बघायचंच होतं. उत्तर नायजेरियातल्या मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकानं १९९० च्या दशकात दोन मडकी एकात एक ठेवून, मधे ओली वाळू भरून भाजी टिकवायची सोय गावोगाव पोचवली, ते वाचलेलं होतं. बाहेरच्या मडक्यातून पाणी झिरपून उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाणी उडायला साधारण ५८० किलोकॅलरी लागतात, म्हणजे हिशोबानं ५८ लिटर पाणी १० अंशांनी गार व्हावं. हे वाचून मी हरखलेच होते.

नर्सरीतून बिनरंगाची मोठी कुंडी आणली, खालचं भोक सिमेंटनं बुजवलं, आत माठ, मधे दोन बोटं वाळू, वर ओलं गोणपाट. दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी कोथिंबीर चिकट झाली, रात्री ठेवलेलं दूध सकाळी नासलेलं, आणि कुंडीमागच्या भिंतीला बुरशी धरली. मला वाटलं वाळू कमी पडली, म्हणून आणखी मोठी कुंडी आणून वाळूचा थर दुप्पट केला. तेच. मग टेबलफॅन लावला, तर नवरा म्हणाला, अगं फॅनच चालवायचा तर फ्रिज काय वाईट होता? मला उत्तर देता आलं नाही.

मे महिन्यात भाऊ आला, दाराशी बुरशीचा वास आला आणि म्हणाला, "गरिबीची नाटकं कशाला करतेस? आजीला फ्रिज मिळाला असता तर तिनं रांजण फोडून टाकला असता." मी रडले, मग भांडले, आजीबद्दल तो बोलला ते मला आजही चुकीचं वाटतं.

तो गेल्यावर मी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं, साधा थर्मामीटर आणला. घरात ३३ अंश, मडक्यात २९. मग थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून पंख्याखाली धरला तर २८ वर थांबला. ओल्या फडक्याचा हा जो आकडा येतो त्याच्या खाली कुठलंही मडकं जाऊच शकत नाही. आणि इथं तो एवढा वर, कारण कोकणातली हवा आधीच पाण्यानं भरलेली, ती आणखी पाणी घेणार कुठून. म्हणजे मडकं बिचारं त्याला जमेल तेवढं सगळं करत होतं! कोरड्या हवेत, समजा ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर हाच आकडा २२ च्या आसपास येतो. उत्तर नायजेरिया कोरडा मुलूख आहे. मी वस्तू उचलली आणि तिथली हवा सोडून दिली.

शेजारच्या काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगो, इथे गार करून कोण ठेवतं? खारवतात नाहीतर वाळवतात." आणि त्यांनी आंबोशी, आमसुलं, खारातल्या कैऱ्या, बरणीतले खारवलेले गरे असं सगळं पुढ्यात मांडलं. कोकणानं आपला फ्रिज केव्हाच शोधलाय, उन्हात आणि मिठात. मी जूनमध्ये जुना छोटा फ्रिज घेतला, पण त्यांच्याकडून हे सगळं शिकले. २०२१ च्या जुलैत पूर आला, आम्ही पहिल्या मजल्यावर म्हणून वाचलो, पण वीज गेली आणि फ्रिजमधलं सगळं फेकावं लागलं. माळ्यावरची बरणी आणि डबे मात्र जसेच्या तसे होते, आमसुलाचं सार आणि भात यावर दिवस काढले.

२०२२ च्या उन्हाळ्यात तीच कुंडी आणि तोच माठ गाडीत घालून बार्शीच्या कोरड्या हवेत नेले. बाहेर ४०, आत २४. मेथी चार दिवस हिरवीगार. आता ते मडकं भावाच्याच घरात आहे, वहिनी सकाळ-संध्याकाळ पाणी घालते. भाऊ म्हणतो तू शेवटी फ्रिज घेतलासच ना, म्हणजे हरलीस. मला हे अजिबात मान्य नाही. चिपळूणला मडकं का चालत नाही हे मी आज आकड्यानं सांगू शकते, आणि त्याला त्याचा फ्रिज का चालतो हेही सांगता येणार नाही.

तर तुम्ही आधी ओल्या फडक्याचा आकडा बघा, एप्रिल-मे मध्ये दुपारी. २४ च्या आत असेल तर बिनधास्त बनवा, २७ च्या वर असेल तर वाळूचे पैसे वाचवा आणि वाळवणं शिका. मडकं वारा लागेल असं सावलीत ठेवा, ऑइलपेंट किंवा वॉर्निश लावलेलं बाहेरून अजिबात नको, छिद्रं बंद होतात. बोअरचं पाणी असेल तर पांढरे क्षार साचतात, काथ्यानं घासत जा. अंगण असेल तर दिल्लीच्या पुसा या शेती संशोधन संस्थेची पद्धत जास्त चांगली, विटांची दुहेरी भिंत आणि मधे साडेसात सेंटिमीटर वाळू.

हे आधी लिहायला हवं होतं, पण दूध, मासे, मटण यासाठी बार्शीतसुद्धा मडक्यावर भरवसा ठेवू नका. आणि घरात इन्सुलिन किंवा २ ते ८ अंशांत ठेवायचं दुसरं औषध असेल तर फ्रिज विकू नका.