वडिलांच्या पंच्याहत्तरीला एका दिवसात जुने गोवे दाखवता येईल का? त्यांना ते झेपेल का?

दाखवता येते आणि झेपतेही. तुम्ही लिहिले आहे की घरच्यांना हॉल घेऊन केक कापायचा आहे, तुमच्या मनात मात्र वडिलांना जुन्या गोव्याला न्यायचे आहे, आणि तिथे काय पाहावे व किती चालावे लागेल ते कळत नाही. नेमका हाच वाद 2023 साली आमच्या घरी झाला. दादाशी माझा तो वाद आजही मिटलेला नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

बाबा डिचोलीजवळच्या एका मराठी शाळेत शिक्षक होते. शाळेची सहल बहुतेक वर्षी जुन्या गोव्यालाच जाई आणि बाबा तिच्याबरोबर असत. निवृत्तीनंतर एकदा जेवताना ते सहज म्हणाले, "पंचवीसेक वेळा गेलो असेन तिथे, पण पाहिले काहीच नाही. सगळा वेळ पोरे मोजण्यात गेला." हे वाक्य माझ्या मनात राहिले होते. पंच्याहत्तरीचा विषय निघाला तेव्हा मी सुचवले की त्या दिवशी त्यांना तिथे नेऊ आणि घाई न करता दाखवू. दादा म्हणाला की या वयात त्यांना उन्हातान्हात फिरवणे बरे नव्हे, आणि वाढदिवसाला देवळात जायचे सोडून चर्चेस कसली दाखवतेस. या दोन्ही आक्षेपांना माझे उत्तर एकच होते, ते म्हणजे वाट बदलायची.

आम्ही पणजीवरून गेलो नाही. सकाळी औक्षण आटोपून आठ वाजता निघालो आणि आधी नार्व्याच्या श्री सप्तकोटेश्वराच्या देवळात गेलो. कदंब राजांच्या या कुलदैवताचे मूळ देऊळ नदीपलीकडे दिवाडी बेटावर होते. बहामनी काळात ते मोडले, विजयनगरच्या माधव मंत्र्याने पुन्हा उभारले, सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी पुन्हा पाडले, आणि भाविकांनी लिंग नदी ओलांडून अलीकडे आणले. इथल्या देवळाचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने 1668 साली सुरू झाला. तसा शके 1590 चा शिलालेख दारावर आहे. बाबा त्याच्याखाली उभे राहिले आणि फळ्यावर लिहावे तसे तर्जनीने हवेत एकेक अक्षर गिरवत त्यांनी तो वाचला. मागे उभे असलेले एक कुटुंब ऐकत थांबले, तेव्हा बाबांनी त्यांना "कीलक" संवत्सराचा अर्थही समजावून सांगितला.

तिथून फेरीबोटीने दिवाडीला गेलो. देव ज्या वाटेने अलीकडे आले, त्याच वाटेने आम्ही उलट निघालो होतो, हे बाबांनीच माझ्या लक्षात आणून दिले. बेटावरची भातशेते ओलांडून दुसऱ्या फेरीने जुन्या गोव्याच्या धक्क्यावर उतरलो. उतरताना बाबा थांबले, मागे वळले आणि म्हणाले, "आले का सगळे?" बरोबर मी एकटीच होते. मी "होय बाबा, सगळे आले" एवढेच म्हटले.

माझे स्पष्ट मत आहे की जुन्या गोव्यात नदीकडूनच शिरावे. धक्क्यावरून चार पावलांवर विजरईची, म्हणजे पोर्तुगीज राजाच्या गोव्यातल्या प्रतिनिधीची, कमान लागते. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा हा विजरई असताना ती उभारली गेली, आणि पडझड झाल्यावर 1954 साली पुन्हा बांधली. नवा विजरई याच कमानीखालून शहरात येई. बाबा इतकी वर्षे बसमधून रस्त्यावर उतरत आले होते. सांत काएतान चर्चजवळ आदिलशहाच्या वाड्याचे उरलेले दार आहे, तेही त्यांनी त्या दिवशी प्रथमच नीट पाहिले. काळ्या दगडाचे, देवळाच्या दारासारखे कोरलेले, आजूबाजूला भिंत नसलेले ते दार आहे. बाबांनी खांबावर तळहात टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. लोक तिथे फोटो काढण्यापुरतेही थांबत नाहीत याचे मला खरोखर वाईट वाटते. ज्यांना वाटते की जुन्या गोव्यात आपले काही नाही, त्यांनी हे दार जरूर पाहावे. दादालाही मी हेच सांगत आले आहे.

पुढे से कॅथेड्रल आणि रस्त्यापलीकडची बाँ जेझुस बासिलिका, दोन्ही सपाट जागेवर आहेत. कॅथेड्रलचा एक मनोरा 1776 साली कोसळला, तो तसाच राहिला. बासिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष आहेत. आम्ही तिथे आत बसलो त्यापेक्षा अधिक वेळ बाहेर झाडाखाली बसलो, कारण बाबांना तिच्या भिंतींविषयी बोलायचे होते. विसाव्या शतकाच्या मध्यावर तिचा बाहेरचा गिलावा काढून टाकला गेला, तेव्हापासून आतला जांभा दगड, म्हणजे चिरा, उघडा पडला आहे आणि दर पावसाळ्यात झिजतो आहे. "आपल्या मातीच्या भिंतींना पावसाआधी माडाच्या चुडतांचे झाप बांधायचो ते उगीच नव्हे," असे ते म्हणाले. मला हे कोणत्याही गाइडकडून ऐकायला मिळाले नसते.

एक चूक माझ्याकडून झाली. तो शुक्रवार होता आणि पुरातत्त्व खात्याचे वस्तुसंग्रहालय शुक्रवारी बंद असते. बाबांना कदंबकालीन वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मारकदगड, पाहायचे होते, आणि मी वार न पाहताच बेत आखला होता. तुम्ही ही चूक करू नका. रविवारीही जाऊ नये, प्रार्थनेच्या वेळी आत हिंडणे बरे दिसत नाही. 3 डिसेंबरला झेवियर यांचे फेस्त, म्हणजे सण, असते; त्याच्या आधीचे नऊ दिवस नोव्हेनाची, म्हणजे रोजच्या प्रार्थनांची, गर्दी असते, तेही टाळावेत.

संध्याकाळी दादाने ठरवलेला हॉल होताच. बाबा खुर्चीत डुलक्या घेऊ लागले, तेव्हा दादा सर्वांसमोर म्हणाला, "बघ, दमवलेस त्यांना." त्या बोलण्याची सल अजून आहे. माणूस आवडीच्या कामाने दमला तर त्यात दया करण्यासारखे काय आहे? तुमच्या घरीही कोणी असे म्हणेल. त्यांना सांगा की निर्णय वडिलांनी करायचा आहे, आणि विचारताना "झेपेल का" असे विचारू नका, "काय पाहायचे राहिले आहे" असे विचारा.

आता हेही सांगायला हवे की बाबांचे गुडघे चांगले आहेत. तुमच्या वडिलांना चढ त्रास देत असेल तर सांत आगुस्तीनचा मनोरा टेकडीवर आहे, तिथे गाडीनेच वर जा. फेरीचा उतार ओला असतो, तिथे हात धरा. दुपारी बारा ते तीन उन्हात काढू नका, जेवण आणि औषधाची वेळ आधी ठरवून ठेवा. पावसाळ्यात अजिबात नेऊ नका.

संग्रहालय आम्ही पुढच्या मंगळवारी पाहिले. दादाला मी बोलावले होते, तो आला नाही. बाबा वीरगळांपुढे उभे राहून वही काढून लिहीत होते, आणि पाऊण तासाने मीच त्यांना बसायला खुर्ची मागून आणली.