तारांखालून पेन्सिल

प्रश्न : ताई, माझी मुलगी ११ वर्षांची आहे. मैत्रिणीची गिटार पाहिल्यापासून तिनं हट्ट धरलाय. ऑनलाइन एक निळी, ३८ इंची, स्टीलच्या तारांची गिटार अडीच हजारांत मिळतेय. सोबत बॅग, पट्टा, तारा छेडायची पिकं आणि तारांचा जादा सेट. रंगामुळे तिला तीच हवीय. घ्यावी का? जाऊबाई म्हणतात, आधी युकुलेले, ते गिटारीसारखं छोटं वाद्य, देऊन बघ, हे वेड चार दिवसांचं. घरात कुणालाच यातलं कळत नाही.
– एक आई, कराड

उत्तर : जाऊबाईंचं आधी निकालात काढते. युकुलेले गोड वाद्य आहे, पण मुलीनं मागितलीय गिटार. जिलेबी मागणाऱ्यापुढे शंकरपाळे ठेवले तर तो खाईल, जिलेबी काही विसरणार नाही. गिटारच घ्या.

‘चार दिवसांचं वेड’ हा शिक्का माझ्यावरही बसला होता. १९९१ साली, मी आठवीत असताना, वडिलांनी एका दुकानातून गिटार आणली. दिसायला देखणी, पण मानेच्या मध्यावर तारांखालून पेन्सिल आरपार जायची. एक तार दाबायला सगळ्या अंगाचा जोर लागे. बोटांना फोड आले, तीन महिन्यांत गिटार कपाटावर गेली आणि ‘हिला चिकाटी नाही’ हे घरात कायमचं ठरलं. दोन वर्षांनी मिरजेला मामाकडे ती सोबत नेली. तिथं सतारी करणाऱ्या एका कारागिरांनी ती हातात घेतली, तारा सैल केल्या, ब्रिजमधली (तारा बांधतात त्या लाकडी ठोकळ्यातली) पांढरी पट्टी म्हणजे सॅडल उपसून काढली आणि सतारीच्या घोडीचा माथा घासून जवारी काढणाऱ्या हातानं तिची खालची कड पॉलिश पेपरवर घासायला लागले. घासायची, बसवायची, तार दाबून बघायची, पुन्हा काढायची. तासाभरानं तीच गिटार माझ्या बोटांनी वाजायला लागली. आज दुरुस्तीला येणाऱ्या निम्म्या गिटारींना मी हेच करते.

म्हणून दुकानात जाताना मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी न्या. स्टीलची, जिचं शून्य अगदी कडेला असतं अशी. प्लास्टिकच्या पट्टीला आधी थोडी मोकळी जागा असते, तिथंच माप फसतं. मानेवरचे फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या काड्या, मोजत बाराव्यावर या आणि सगळ्यांत जाड तार त्या फ्रेटपासून किती वर आहे ते बघा. स्टीलच्या तारा असतील तर अडीच मिलिमीटरच्या आसपास उत्तम, तीनपर्यंत चालवून घ्या. नायलॉनच्या तारांना चारपर्यंत मुभा. जास्त भरली तर सॅडल घासून देता का, असं स्पष्ट विचारा. बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर असतो, त्यामुळे सॅडल १ मिमी उतरली की तिथं तार अर्धा मिमीच उतरते. सॅडल आधीच बुटकी आणि तरी तार उंच, अशी गिटार असेल तर दुकानदार कितीही गोड बोलो, खाली ठेवा.

तुमच्या मुलीला मी नायलॉनच्या तारांची, पाऊण मापाची गिटार देईन. नायलॉनचा ताण स्टीलच्या साधारण निम्मा, त्यामुळे बोटं सोलवटत नाहीत. यामाहाच्या सी-४० या पूर्ण मापाच्या गिटारीत तारेची लांबी ६५० मिमी आहे, तिच्या धाकट्या बहिणीत, सीएस-४० मध्ये, ५८० मिमी. लहान हाताला हे ७ सेंटिमीटर फार मोठे असतात. मुलीला खुर्चीवर बसवून गिटार मांडीवर द्या. खांदा न ताणता डावा हात पहिल्या फ्रेटपर्यंत पोचला पाहिजे. आणि पुढे आवाज मोठा हवा म्हणून त्याच गिटारीला स्टीलच्या तारा चढवू नका. ब्रिज उखडून हातात येतो, मग माझ्याकडे यावं लागतं.

बाकी तपासणी दहा मिनिटांची. सुतार फळी डोळ्यासमोर धरतो तशी मान धरा, पीळ दिसता कामा नये. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून छेडा, खरखर ऐका. फोनवर ट्यूनरचं अ‍ॅप घ्या, मोकळी तार जुळवा आणि बाराव्या फ्रेटवर दाबा. तोच स्वर वरच्या सप्तकात यायला हवा. काटा बराच सरकला तर ती गिटार कधीच सुरात लागणार नाही, आणि मुलीला वाटेल आपलाच कान कच्चा.

अडीच हजारांच्या गिटारीबद्दल एवढंच, की बॅग, पट्टा, पिकं, तारा हे सगळं त्याच अडीच हजारांत बसवलंय. उरलेल्यात लाकूड आलं. शिवाय फोटोत तारांची उंची मोजता येत नाही. त्यापेक्षा ओळखीत विचारा, तीन महिने वाजवून भिंतीला लटकलेल्या गिटारी पुष्कळ असतात. जुनी घेतली तर ब्रिज मागून सुटत नाहीये ना, हे जाड कागदाची कड घालून बघा. कागद आत शिरला तर सोडा.

वरची फळी प्लायची असली तरी कमीपणा मानू नका, पावसाळ्यात ती अख्ख्या लाकडापेक्षा कमी फुगते. फक्त ओल येणाऱ्या भिंतीला टांगू नका.

आणि मुलीला सोबत नेलंच पाहिजे. दोन गिटारी पट्टीच्या परीक्षेत पास झाल्या, तर तिसऱ्या कुणाचंही न ऐकता रंग तिला निवडू द्या. निळी मिळाली तर निळी.