कॉलेजच्या वर्गात सिनेमा दाखवायला निर्मात्याची परवानगी लागते का?

नाही, तुम्ही लिहिलंय तसं रत्नागिरीच्या कॉलेजात बी.ए.च्या मुलांना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून वर्गात सिनेमा दाखवणार असाल, तर परवानगी लागत नाही. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(जे): शिक्षणसंस्थेच्या कामकाजात चित्रपट दाखवला आणि प्रेक्षक फक्त कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक व संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं एवढेच असतील, तर ते उल्लंघन धरत नाहीत. मी कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. दर गणपतीच्या सुट्टीनंतर कुणीतरी हेच विचारायला येतं, म्हणून हे कलम छापून टेबलाच्या काचेखालीच ठेवलंय.

गोची होते ती प्रेक्षकांत. तोच सिनेमा संध्याकाळी हॉलमध्ये लावून फळ्यावर ‘सर्वांना प्रवेश’ लिहिलंत, बंदरावरची चार मंडळी येऊन बसली, की ही सवलत गेली. तिकीट नव्हतं म्हणून काय झालं, कलमात प्रश्न पैशांचा नाहीच, समोर कोण बसलंय त्याचा आहे.

कायद्याची सवलत असली तरी ओटीटीच्या अटी वेगळ्या. खातं घरगुती वापरापुरतंच असं तिथे बहुधा लिहिलेलं असतं, तेव्हा सरांचा पासवर्ड टाकून प्रोजेक्टर लावण्यापेक्षा कॉलेजने विकत घेतलेली डीव्हीडी बरी. टेलिग्रामवरून उतरवलेली प्रत तर नकोच.

जुना सिनेमा चालणार असेल तर आणखी सोपं: हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो, म्हणजे १९६० सालच्या चित्रपटाचा २०२० अखेर संपला.