आईच्या गुडघ्यात सुया टोचून घ्याव्यात का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. आम्ही निपाणीचे. आईचा जन्म विड्या वळण्यात गेला. मांडीवर सूप घेऊन दिवसभर एकाच बैठकीत. आता दोन्ही गुडघे धरतात, जिना चढवत नाही. हाडांचे डॉक्टर म्हणतात झीज आहे, पण ऑपरेशनची घाई नको. इथं सुया टोचून करायच्या चिनी उपचारांचं, म्हणजे अॅक्युपंक्चरचं, एक शिबिर लागलंय. वीस बैठकांचे पैसे आधी भरायचे, सोबत काळ्या गोळ्यांची डबी, आणि शुगरची गोळी बंद करायला सांगितलीय. काय करू?

उत्तर : आधी शुगरच्या गोळीचं. ती चालूच राहू दे. बंद केली असेल तर आजच्या आज तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना सांगा. सुया टोचणाऱ्यानं त्या गोळीला हात लावायचं कारणच नाही.

आता सुयांकडे वळू. मी स्वतः रोज सुया टोचते, तरी त्यांची वकिली करणार नाही. जर्मनीत गुडघ्याची झीज झालेल्या हजारभर रुग्णांवर मोठा अभ्यास झाला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या गटाला चिनी शास्त्रानुसार नेमक्या बिंदूंवर सुया, दुसऱ्याला भलत्याच जागी वरवर टोचलेल्या, तिसऱ्याला सुया नाहीतच, नुसत्या डॉक्टरांच्या भेटी. फिजिओथेरपी आणि दुखण्याच्या गोळ्या तिघांनाही होत्या. सहा महिन्यांनी चांगला फरक पडलेले रुग्ण पहिल्या गटात ५३ टक्के, दुसऱ्यात ५१ आणि तिसऱ्यात २९.

म्हणजे टोचून घेतलेल्यांना न टोचलेल्यांपेक्षा पुष्कळ बरं वाटलं, पण नेमकी जागा आणि भलती जागा यांत फरक जवळपास नाहीच. कंबरदुखीवरच्या त्यांच्याच अभ्यासात हाच प्रकार दिसला. अर्धा तास कुणीतरी आपल्या दुखण्याकडे लक्ष देतंय, आता बरं वाटेल अशी आशा आहे, याचा त्यात मोठा वाटा असणार. जर्मनीनं हे पाहून २००७ पासून गुडघा आणि कंबरेसाठी सुयांचा खर्च सरकारी विम्यात घेतला. इंग्लंडच्या तज्ज्ञ संस्थेनं २०२२ मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी सुया देऊ नका म्हणून सांगितलं. माझं मत या दोहोंच्या मधलं आहे. गोळ्या पोटाला सोसत नसतील, ऑपरेशन लांबवायचं असेल, तर करून बघायला हरकत नाही. पण झीज त्यानं भरून येत नाही, आणि मांड्यांच्या व्यायामाला ते पर्याय नाही. ‘खरे बिंदू फक्त आम्हालाच ठाऊक’ म्हणून कुणी जादा पैसे मागत असेल, तर वरचे आकडे त्याला दाखवा.

वीस बैठकांचे पैसे आगाऊ मुळीच भरू नका. त्या जर्मन अभ्यासात सहा आठवड्यांत दहा बैठका होत्या. तेवढ्यात आईला जिन्यावर काही फरक जाणवला नाही, तर थांबा. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला लावा. सुई केसापेक्षा जाड, पण पाव मिलिमीटरचीच, एकदा वापरून फेकायची. गुडघ्याच्या वाटीखाली दोन्ही बाजूंना खळगे असतात तिथं, आणि चार बोटं खाली नडगीच्या बाहेरच्या अंगाला ती टोचतात. टोचल्यावर जडपणा येतो, मुंग्या येतात. वडगावच्या एक विणकर मावशी मला म्हणाल्या, “आतून कोण तरी मागाचा धागा ओढल्यागत होतंय की हो!” तसं वाटलं तर घाबरू नका. आईला रक्त पातळ करायची गोळी असेल, पायाला बधिरपणा असेल किंवा पेसमेकर असेल तर आधी सांगा. काही वेळा सुयांना हलकी वीज जोडतात, ती पेसमेकरवाल्यांना जोडत नाहीत.

काळ्या गोळ्या मात्र नको म्हणजे नको. १९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन उतरवायच्या उपचारात चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या गेल्या. एका मुळीच्या जागी मिळत्याजुळत्या नावाची भलतीच मुळी आली, आणि शंभराहून अधिक बायकांच्या किडन्या बिघडल्या. काहींना पुढं कॅन्सरही झाला. आपल्याकडची सापसण ही वेल त्या भलत्या मुळीच्याच कुळातली, हे जाता जाता सांगून ठेवते. डबीवर घटक लिहिलेले नाहीत, आणि आईला शुगर आहे. तिच्या किडन्यांवर हा प्रयोग कशाला?

प्रश्न : माझा मुलगा बी. कॉम. आहे. शनिवार-रविवारच्या वर्गाला जाऊन त्यानं अॅक्युपंक्चरचा डिप्लोमा केला. संस्थाचालक म्हणतात, महाराष्ट्रात कायदा झालाय, बिनधास्त बोर्ड लावा. आमच्या खानापुरात (जि. बेळगाव) दवाखाना काढता येईल का?

उत्तर : केंद्रानं २०१९ मध्ये अॅक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली, हे खरं. महाराष्ट्राचा २०१५ चा कायदा आहे, त्याची परिषदही आहे. पश्चिम बंगालनं तर १९९६ मध्येच कायदा केला. पण तिथली नोंदणी त्या त्या राज्यापुरती. हद्दीवरचा कोगनोळी नाका ओलांडून अलीकडं आलात की कर्नाटकचे नियम, आणि इथं खासगी दवाखान्याला २००७ च्या कायद्याखाली जिल्ह्यात नोंदणी लागते. बोर्ड रंगवायच्या आधी बेळगावच्या जिल्हा आयुष कार्यालयात जाऊन लेखी विचारा. तोंडी उत्तरावर भाडं भरू नका. नावापुढं ‘डॉ.’ तर अजिबात नको. मुलाला या कामाची खरंच ओढ असेल, तर निसर्गोपचार आणि योगाची साडेपाच वर्षांची पदवी आहे. त्या अभ्यासक्रमात अॅक्युपंक्चर शिकवतात. पण त्याला बारावी विज्ञान लागतं.

एवढं ताणून धरते त्याला कारण आहे. मान आणि खांद्याच्या मधोमध एक बिंदू आहे, डोकेदुखीसाठी सगळे वापरतात. त्याच्या खालीच फुप्फुसाचं टोक. सडपातळ माणसाला सुई सरळ खाली घातली तर फुप्फुसाला भोक पडतं, छातीत हवा भरते. जर्मनीत २,२९,२३० रुग्णांच्या नोंदी ठेवल्या, त्यांत असं दोघांचं झालं. पण ते टोचणारे सगळे डॉक्टर होते, वर किमान १४० तासांचं वेगळं शिक्षण घेतलेले. तुमच्या मुलानं शरीररचना किती तास शिकली, ते त्याला विचारा.

प्रश्न : ही विद्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांनी भारतात आणली ना?

उत्तर : नाही. कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. तिथं ते शस्त्रक्रिया करत होते, आणि १९४२ मध्ये तिथंच वारले. त्याच पथकातले डॉ. बिजॉय कुमार बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि त्यांनी ती कलकत्त्यात सुरू केली.