गावाहून ४ किलो हिरव्या मिरच्या आल्यात, फ्लॅटमध्ये ऊन नाही आणि फ्रीज लहान आहे. वर्षभर कशा टिकवू?

आधी त्या पिशवीची गाठ सोडा, उत्तर मागाहून वाचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर गाठ मारून ठेवलेल्या मिरच्यांना आत घाम येतो, आणि मिरची नासते ती या घामानंच. जमिनीवर जुनी सुती चादर अंथरा, मिरच्या एका थरात पसरा, पंखा लावा. एवढं केलंत की दोन दिवस तरी घाई नाही.

तुम्ही लिहिलंय की मिरच्या बारीक आणि जहाल तिखट आहेत, पुण्यातल्या फ्लॅटमध्ये ऊन जेमतेम तासभर येतं, फ्रीज एकदारी आहे, आणि सासूबाई फोनवर "सांडगी मिरची करून टाक" म्हणतायत. मी नाशिकला घरगुती डबे देते, रोज वीस-बावीस माणसांचा स्वयंपाक असतो. सासर नंदुरबारकडचं. त्यामुळे मिरची स्वस्त झाली की पाच-सात किलो घेऊन ठेवायची सवय आहे, आणि त्यातली बरीचशी उकिरड्यावर टाकायचा अनुभवही आहे.

माझं ऐकाल तर चारही किलोंचं एकच काही करू नका. ही मिरची तुमच्या घरात कशातून पोटात जाते ते आधी बघा. रोज फोडणीला चार लागत असतील तर तीन किलो लोणचं घालून काय करणार? दोन माणसांच्या घरात मिरचीचं लोणचं वर्षाला अर्धा किलोसुद्धा संपत नाही.

पसरलेल्या मिरच्यांतून चिरलेल्या, देठाशी काळ्या पडलेल्या, मऊ लागणाऱ्या वेगळ्या काढा. त्या आजच वापरायच्या. कडक, चकचकीत, देठ हिरवा असलेल्या तेवढ्याच साठवणीला.

अर्धा-पाऊण किलो साध्या फ्रीजमध्ये ठेवा. देठ काढायचे की नाहीत यावरून आमच्याकडे जावा-जावांत वाद आहे. मी म्हणते, आठवड्यात संपणार असतील तर देठासकट ठेवा, तीन आठवडे न्यायच्या असतील तर काढा. सड सुरू होते ती देठाच्या टोपीखाली, कारण तिथेच पाणी अडकतं. फक्त देठ खुडल्यावर ती जागा ओली असते, ती तासभर वाऱ्यावर सुकू द्या. धुवू नका, धुवायच्या त्या वापरताना. डब्याच्या तळाला सुती फडकं, मग मिरच्या, वर पुन्हा फडकं, आणि घट्ट झाकण. चार-पाच दिवसांनी फडकं ओलसर लागलं तर बदला. डबा भाजीच्या कप्प्यात किंवा दारात ठेवा, मागच्या गार भिंतीला टेकवून नको. मिरची मुळात उष्ण मुलखातली. ७ अंशांच्या खाली फार दिवस राहिली तर तिला थंडी बाधते, सालीवर बारीक खळगे पडतात, आतलं बी तपकिरी होतं. नुसतं बी तपकिरी दिसलं म्हणून मिरची फेकू नका. बुळबुळीत झाली किंवा बुरशी दिसली तर मात्र फेकाच.

मोठा वाटा, म्हणजे दोनेक किलो, बर्फाच्या कप्प्यात घाला. मिरच्यांना वाफ द्यायची, उकळत्या पाण्यातून काढायची काही गरज नाही. देठ काढा, धुवा, आणि आता खरी मेहनत: वाळवा. पुसून नव्हे, रात्रभर पंख्याखाली ठेवून. ओल्या मिरच्या गोठवल्यात तर त्यांची एकच वीट होते आणि दोन मिरच्यांसाठी बत्ता घेऊन बसावं लागतं. ताटलीत सुट्या पसरून आधी तीन-चार तास गोठवा, मग पिशवीत भरून हवा दाबून काढा आणि बंद करा. लहान लहान पिशव्या करा, म्हणजे सारखी एकच उघडायला नको.

वापरताना बाहेर काढून नरम होऊ देऊ नका. गोठलेलीच सुरीनं चिरा, कुडकुडीत काकडीसारखी चिरली जाते. एकदा सुटली की लिबलिबीत होते. तिखटपणा तसाच राहतो, पण कच्ची खायची मजा गेली. पोह्यांना, वरणाच्या फोडणीला, भाजीला काही फरक कळत नाही. तापलेल्या तेलात टाकताना मात्र तोंड मागे घ्या, बर्फाचं पाणी तडतडून उडतं. एकदारी फ्रीजचा बर्फाचा कप्पा काही वेगळ्या फ्रीझरइतका गार नसतो आणि दार सारखं उघडतं, म्हणून वर्षभराची आशा धरू नका. चार महिन्यांत संपवा. आणि कप्प्यात जागाच नसेल तर मिरची, आलं, लसूण, मीठ असं पाणी न घालता वाटा आणि बर्फाच्या साच्यात घालून वड्या करा. दोन किलोंचा पसारा एका डब्यात मावतो. तो साचा पुन्हा सरबताच्या बर्फाला वापरता येणार नाही हे आधीच सांगते, आमच्याकडे एकदा पाहुण्यांनी लसणीचं कोकम सरबत प्यायलंय.

अर्ध्या किलोचं लोणचं घाला. बारीक तिखट मिरचीचं लोणचं झणझणीत होतं, थोडंसं पुरतं. अर्धा किलो मिरच्यांना ७५ ग्रॅम मीठ, तेवढीच मोहरीची डाळ, तेलात परतून कुटलेली एक चमचा मेथी, हळद, हिंग, आणि पाच-सहा रसदार लिंबांचा रस. लिंबात कंजूषपणा नको. तेलाची फोडणी पूर्ण गार करून मगच ओता. बरणी, चमचा, हात, सगळं कोरडं हवं. दोन दिवस बाहेर मुरू द्या, मग तुमच्याकडे ऊन नाही आणि पुण्याचा पावसाळा आहे तर सरळ फ्रीजमध्ये ठेवा. जुनी माणसं नाक मुरडतील, मुरडू द्या.

हॉटेलात चायनीजबरोबर देतात त्या व्हिनेगरच्या मिरच्या तर सगळ्यात सोप्या. चकत्या करायच्या, काचेच्या बरणीत भरायच्या, गरम पांढरं व्हिनेगर बुडेपर्यंत ओतायचं, चिमूटभर मीठ आणि साखर घालायची. व्हिनेगरात पाणी घालू नका. फ्रीजमध्ये दोन महिने सहज राहतात.

आता तेलाबद्दल. इथे जरा रेंगाळते, कारण लोक हमखास चुकतात ते इथेच. "ठेच्यावर तेलाचा थर दिला की बाहेर कितीही टिकतो" असं मीही मानायचे. एकदा कच्च्या मिरच्या आणि लसूण जाडसर वाटून, वर भरपूर तेल ओतून बरणी ओट्यावर ठेवली. तीन आठवड्यांनी झाकण उघडलं तर फस्स आवाज आला, कडेनं बुडबुडे. वास चांगला होता. चव घ्यायला चमचा उचललाही होता, पण तेवढ्यात भाचीनं, ती अन्नतंत्रज्ञान शिकते, हात धरला. तिनं सांगितलं ते असं: तेल हवा अडवतं, म्हणून वर बुरशी येत नाही आणि आपल्याला वाटतं छान टिकलंय. पण बोट्युलिझमचं, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या विषबाधेचं, विष तयार करणाऱ्या जंतूला हवा नकोच असते. मातीतून आलेल्या मिरचीवर, लसणीवर त्याचे बीजाणू असू शकतात. तेलाखाली, ओलाव्यात, आंबटपणा नसलेल्या जागी त्यांचं फावतं, आणि त्या विषाला वास नाही, चव नाही. आंबटपणा मोजायचा जो पीएच असतो (आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) तो ४.६ किंवा त्याच्या खाली असला की हा जंतू वाढू शकत नाही. हिरवी मिरची त्याच्या वर, लिंबाचा रस पार खाली, २ च्या आसपास. म्हणजे लोणचं टिकतं ते लिंबामुळे आणि मिठामुळे. तेलाचं काम बुरशी दूर ठेवण्यापुरतं. १९७७ साली अमेरिकेत मिशिगनमधल्या पाँटिअ‍ॅक गावी एका रेस्टॉरंटमध्ये नीट प्रक्रिया न करता घरगुती पद्धतीनं बरण्यांत भरलेल्या हालापेन्यो मिरच्या खाऊन ५० हून जास्त माणसं याच आजारानं पडली होती. तेव्हा ठेचा, खर्डा, मिरची-लसणीचं तेल हे सगळं फ्रीजमध्ये, आणि चार-पाच दिवसांत संपवायचं. जास्त झालं तर गोठवा.

ऊन लागत नाही असा आणखी एक प्रकार म्हणजे मिठात आंबवलेली मिरची. नवऱ्याला आवडत नाही, मला फार आवडते. अर्धा किलो मिरच्यांना १५ ग्रॅम मीठ, काट्यावर मोजून, अंदाजानं नको. चकत्यांना मीठ चोळून काचेच्या बरणीत दाबून भरा. बारीक मिरचीला पाणी कमी सुटतं, म्हणून दुसऱ्या दिवशी २०० मिली उकळून गार केलेल्या पाण्यात १० ग्रॅम मीठ विरघळवून त्या बुडेपर्यंत ओता. मिरची पाण्याच्या वर तरंगता कामा नये, वरून छोटी वाटी दाबून ठेवा. रोज एकदा झाकण सैल करून हवा जाऊ द्या. इडलीच्या पिठासारखा आंबूस वास येऊ लागतो, हिरवा रंग उतरून शेवाळी होतो. दहा-बारा दिवसांनी फ्रीजमध्ये. वर पातळ पांढरी साय आली तर काढून टाका, पण हिरवी किंवा काळी केसाळ बुरशी आली तर सगळी बरणी टाका, वरचं काढून खालचं खायचं नाही. अमेरिकेत लुइझियानातल्या एव्हरी आयलंडवर १८६८ पासून जो टबॅस्को सॉस करतात त्याचं मूळही हेच. फक्त त्यांची मिरची लाल असते आणि वाटून, मीठ घालून ओकच्या पिंपांत तीन वर्षांपर्यंत मुरते.

राहिली सांडगी मिरची. सासूबाईंना दुखवू नका, पण तुमच्या मिरच्या त्यासाठी नाहीत. तिला जाड, फिकट पोपटी, कमी तिखट मिरची लागते, जिच्या पोटात मसाला मावेल. एक किलोला धने १०० ग्रॅम, जिरे ५० ग्रॅम, दोन चमचे मेथी, हिंग, हळद, मीठ, सगळं कुटून आंबट दह्यात कालवायचं, मिरचीला एक चीर देऊन भरायचं, आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात वाळवायचं. ऊन कडक असेल तर पाच-सहा दिवस, रोज संध्याकाळी ताटं आत. हलवल्यावर आत बी खुळखुळलं आणि मिरची कट्‌कन मोडली की झाली. तळायची मंद आचेवर, काही सेकंदच, नाहीतर कोळसा. दहीभाताबरोबर हिच्यासारखं काही नाही. तमिळ लोक ताकात मुरवून वाळवतात ती मोर मिळगाय हिचीच बहीण. पण तासभराच्या उन्हात ही मिरची वाळत नाही, आंबते, आणि अर्धवट वाळलेल्या मिरचीवर बुरशी धरते. एका वर्षी तिसऱ्या दिवशी अवकाळी पाऊस आला तेव्हा मी सगळ्या मिरच्या पंख्याखाली वाळवायचा हट्ट केला होता. आतून काळ्या निघाल्या. तेव्हा सासूबाईंना म्हणा, चैत्रात तिथेच तुमच्या गच्चीवर करू, मी भरायला येते.

तुमच्या प्रश्नाखाली कुणीतरी "वाळवून लाल तिखट करा" असं सुचवलंय. हिरवी मिरची वाळली की लाल होत नाही, पिवळट, कळाहीन होते. तिखटासाठी झाडावरच लाल झालेली मिरची लागते. आमच्या नंदुरबारला ओली लाल मिरची बाजारात येते आणि व्यापारी ती मोकळ्या मैदानावर पथारी घालून वाळवतात, लांबून जमिनीवर लाल गालिचा अंथरल्यासारखं दिसतं, जवळ गेलं की शिंका. तिथेही साधारण चार किलो ओलीची एक किलो वाळलेली उतरते. तुमच्या ढिगात लाल पडलेल्या पाच-पंधरा असतील तर त्या खराब नाहीत, पिकलेल्या आहेत. लोणच्यात घाला, रंग येईल.

आणि चिरायला बसण्याआधी हातांना गोडंतेल चोळा, मोजे असतील तर उत्तमच. जळजळ करणारं कॅप्सायसिन बियांत नसतं, बिया ज्या पांढऱ्या गराला चिकटलेल्या असतात त्यात असतं, आणि ते पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून नुसते हात धुऊन आग थांबत नाही. आधी तेल, मग भांड्याचा साबण, मग पुन्हा एकदा साबण. डोळ्यांत लेन्स घालत असाल तर त्या रात्री दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या.