हायब्रिड की इलेक्ट्रिक? आधी घरचा मीटर बघा

महिन्याला हजार किलोमीटर धावणं आहे, पर्यावरणाच्या दृष्टीने हायब्रिड (पेट्रोलवर चालणारी, सोबत छोटी बॅटरी असलेली) बरी की इलेक्ट्रिक, असं तुम्ही विचारलंय. सोबत लिहिलंय, 'इलेक्ट्रिक तर शून्य प्रदूषणच.' त्या शेवटच्या वाक्यासाठी उत्तर देतोय.

मी चंद्रपूरचा. आमच्याकडचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं. बाबांची सगळी नोकरी तिथे कोळसा हाताळणीत गेली. आई त्यांच्या शर्टाची कॉलर ब्रशने घासायची, तरी आतली काळी रेघ जायची नाही. त्यामुळे विजेला धूरच नसतो असं कुणी म्हटलं की मला गप्प बसवत नाही.

मागच्या भाऊबिजेला भाऊजी नागपूरहून नवी इलेक्ट्रिक गाडी घेऊन आले. हिरवी नंबरप्लेट. माझ्या हायब्रिडकडे बोट दाखवून मुलांना म्हणाले, "ही धुराची गाडी." गाडी आमच्याच पडवीतल्या प्लगला लावली. बाबा काही बोलले नाहीत. मीटरचं रीडिंग कॅलेंडरच्या मागे लिहिलं, रात्रभर पंख्याखेरीज काही चालू दिलं नाही, सकाळी पुन्हा रीडिंग घेतलं. निघताना बॅटरी फुल होती, पुन्हा फुल करायला २६ युनिट लागले. अंतर दीडशे किलोमीटर. आपल्या देशात एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे १८ किलो. माझी गाडी लिटरला एकवीस-बावीस देते. सात लिटर पेट्रोल, लिटरमागे २.३ किलो, म्हणजे १६ किलो. बाबांनी कागद भाऊजींपुढे ठेवला. "जावईबापू, धूर आहे. फक्त तो आमच्या गावात आहे." भाऊजी म्हणाले, हे आकडे जुने झाले. तो वाद अजून मिटलेला नाही.

बॅटरीचंही बघा. त्यांची ३० युनिटची. ती बनवतानाच दोन-तीन टन कार्बन डायऑक्साइड निघून गेलेला असतो. माझ्या गाडीची बॅटरी एक युनिटसुद्धा साठवत नाही. पुढे वीज स्वच्छ होत गेली तरी महिन्याला हजार किलोमीटरच्या धावण्यात ते फिटायला वर्षं जातात.

आता भाऊजींच्या बाजूचंही सांगतो. पेट्रोल शुद्ध करण्यात आणि टँकरने आणण्यात जे जळतं ते धरलं, तर माझे १६ किलोही अठराच्या वर जातात. कोळसाही खाणीतून काढावा, वाहून आणावा लागतोच, म्हणून मी याला बरोबरी म्हणतो. शहराच्या चौकात मात्र इलेक्ट्रिकच चांगली, तिथल्या माणसांच्या नाकात तिचा धूर जात नाही. शिवाय देशाच्या वीजजाळ्यात (ग्रिडमध्ये) सौर वीज वाढतेय, म्हणजे तीच गाडी दरवर्षी थोडी स्वच्छ होत जाईल. पेट्रोलचं तसं होणार नाही.

गच्चीवर सोलर असेल आणि गाडी दुपारी घरी उभी राहत असेल तर डोळे झाकून इलेक्ट्रिक घ्या. रात्रीच चार्ज करणार असाल तर ती वीज बहुतेक कोळशाचीच. मग हायब्रिड घेतली म्हणून कुणाकडून ऐकून घेऊ नका.